रिकामी खुर्ची कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिन सोहळ्यात झालेल्या भाषणाचा मजकूर. विषय : पोलीस आणि आपली वस्ती)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण धम्मावर, बाबासाहेबांच्या चळवळीवर किंवा मुलांच्या शिक्षणावर व्याख्यान ठेवतो. यंदा समितीने पोलीस हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी बैठकीतच विचारलं, "अरे बाप्पा, विहारात पोलिसाचं नाव कायले काढता?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्या घरात पोलीस हा शब्द लेकराला झोपवण्यासाठी वापरतात. पण जी गोष्ट आपल्याला रात्री झोपू देत नाही तिच्यावर विहारात बोलायचं नाही, तर कुठे बोलायचं? म्हणून आज हा विषय. जे बोलणार आहोत त्यात पोलिसांचे दोष आहेत, सरकारचे आहेत, आणि आमचे स्वतःचेही आहेत. आमचे आधी सांगितले असते तर बरं झालं असतं, पण थोडा इतिहास सांगितल्याशिवाय ते नीट कळणार नाहीत.

आपल्या मनात भीती का आहे ते आधी पाहू. इंदोऱ्याला नामांतर शहीदांचं स्मारक आहे. आपण तिथे दरवर्षी ऑगस्टमध्ये फुलं वाहतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, मराठवाड्यात आपली घरं जळायला लागली, आणि त्याचा निषेध करायला नागपूरची माणसं रस्त्यावर आली. त्यांच्यावर गोळ्या चालल्या. पुढे ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक जमले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसं गेली. न्या. गुंडेवार आयोग बसला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरवायला २००९ साल उजाडलं. आणि आपल्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी तर कोणी विसरूच शकत नाही. २९ सप्टेंबर २००६. सुरेखाताई भोतमांगे यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढे साक्ष दिली होती. कायद्याला मदत केली म्हणून त्यांचा आणि त्यांच्या तिन्ही लेकरांचा जीव गेला. ज्या कायद्यासाठी बाईने तोंड उघडलं, तो कायदा तिच्या दारापर्यंत वेळेवर पोचला नाही.

म्हणजे भीती उगाच नाही. पण मित्रांनो, याच इतिहासात आणखी एक पान आहे, ते आपण फारसं उलटत नाही. आपल्या भागात, जुन्या मध्य प्रांतात, गावचा कोतवाल बहुतेक ठिकाणी महार असायचा. रात्रीची गस्त त्याची, गावात आलेल्या अनोळखी माणसावर नजर त्याची, चोरी-खून झाला की पायपीट करून ठाण्यात खबर द्यायची ती त्याचीच, जन्ममृत्यूची नोंद पोचवायची तीही त्याचीच. तिकडे देशावर हेच काम येसकर आणि जागल्या करायचे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या देशाचं पोलिसाचं काम आपल्या आजोबा-पणजोबांनी केलं. सगळ्या गावाची खबर त्यांनी ठाण्यात नेली. पण त्यांच्या स्वतःच्या पाठीवर काठी बसली तेव्हा ती खबर न्यायला कोणी नव्हतं.

बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी जे निवेदन दिलं, त्यात शिक्षण आणि नोकऱ्या यांच्या जोडीने पोलिसांविषयीही मागण्या होत्या. लष्करात, आरमारात आणि पोलिसात आपल्या माणसांना मुक्तद्वार भरती मिळावी, ही एक. आणि प्रत्येक जिल्ह्यात अस्पृश्य समाजातून एक खास पोलीस निरीक्षक नेमावा, ही दुसरी. विचार करा, शंभर वर्षं होत आली. त्या काळात आपल्या माणसाला ठाण्याच्या ओट्यावर चढू देत नव्हते, आणि बाबासाहेब ठाण्यातली खुर्ची मागत होते. पोलीस वाईट आहेत, त्यांच्यापासून दूर राहा, असं त्यांनी सांगितलं नाही. तिथे आपला माणूस बसला पाहिजे, असं सांगितलं.

आता नागपूरच्या एका घटनेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण ती आपल्याच उत्तर नागपूरची आहे. कस्तुरबा नगर. तिथे अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा वर्षांहून अधिक काळ वस्तीला वेठीस धरलं होतं. खंडणी, मारहाण, खून आणि बायकांवर अत्याचार. त्या वस्तीतल्या बायांनी पुढे जे सांगितलं ते अंगावर काटा आणणारं आहे. तक्रार करायला बाई ठाण्यात गेली, की ती घरी पोचायच्या आत तिचं नाव त्याच्या कानावर गेलेलं असायचं. तक्रार देणारीलाच चारचौघांत वाईटसाईट बोलून परत पाठवलं जायचं. शेवटी ऑगस्ट २००४ मध्ये वस्तीतली एक शिकलेली मुलगी उघडपणे उभी राहिली. तिच्या घराला टोळीने वेढा घातला, आणि मग सगळी वस्तीच बाहेर पडली. त्याला अटक झाली. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं असताना तिथे जमावाने त्याला ठार केलं. कितीतरी बायांनी आम्हालाही अटक करा म्हणून सांगितलं. कोणी काय केलं हे न्यायालयात सिद्ध झालं नाही, आणि २०१४ साली आरोपी निर्दोष सुटले.

या घटनेवर सिनेमे निघाले, टाळ्या पडल्या. त्या बायांच्या धैर्याला आमचाही प्रणाम आहे. पण आपण धम्माची माणसं आहोत, म्हणून टाळ्या वाजवून थांबता येत नाही. माणूस मारला गेला हा न्याय झाला असं आम्हाला म्हणवत नाही, आणि त्या बायांनी दुसरं काय करायला हवं होतं हे विचारायचीही हिंमत होत नाही. मग विचारायचा प्रश्न एकच उरतो. त्या दहा वर्षांत तक्रार करायची एक तरी जागा अशी होती का, जिथून नाव फुटणार नाही, आणि जिथे पुढच्या महिन्यात जाऊन 'त्या तक्रारीचं काय झालं' असं विचारता येईल? नव्हती. ठाणं होतं, पण ठाण्याला जाब विचारणारं कोणी नव्हतं. कस्तुरबा नगरात जे घडलं ते त्या रिकाम्या जागेत घडलं.

आता आमचे दोष. काही वर्षांपूर्वी आपल्याच वस्तीतल्या एका पोराला रात्री अकराच्या सुमारास पोलिसांनी घरातून नेलं. बारावीत शिकणारा पोरगा, बाप ऑटो चालवणारा. मोटारसायकल चोरीचा संशय. निरोप आला तसे आम्ही तीस-चाळीस जण ठाण्यावर गेलो. टेबलावरचा हवालदार म्हणाला, "एवढे लोक काहून आणले? एक जण बोला." आणि खरं सांगतो, आमच्यात एकालाही काय बोलायचं ते माहीत नव्हतं. एक जण जोरात घोषणा देत होता, दुसरा हात जोडत होता, तिसरा कुठल्या तरी पुढाऱ्याला फोन लावत होता. अटक केली आहे की नुसतं विचारपूस करायला आणलं आहे, एवढा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. स्टेशन डायरीत नोंद आहे का, हे कोणी विचारलं नाही. सकाळी पोरगा सुटला, तळपाय सुजलेले होते. कागदावर कुठेही त्याचं नाव नव्हतं. म्हणजे ती रात्र झालीच नाही.

चार दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. तिथल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, "तुमच्या वस्तीचे शांतता समितीचे सदस्य आहेत ना, त्यांना का नाही आणलं?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यादी काढली. आपल्या वस्तीच्या नावापुढे ज्या गृहस्थांचं नाव होतं, ते आठ वर्षांपूर्वीच वस्ती सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलेले. त्यांचं नाव कोणी दिलं होतं? आम्हीच. विहाराच्या लेटरहेडवर. आणि देऊन विसरून गेलो होतो. आठ वर्षं आपल्या वस्तीची खुर्ची तिथे रिकामी होती, आणि आम्ही बाहेर ओरडत होतो की पोलीस आम्हाला विचारत नाहीत.

दुसरा दोष त्याहून जड आहे. महिला मंडळाच्या काही भगिनी एकदा समितीकडे आल्या होत्या. वस्तीच्या टोकाला दारू विकणाऱ्या माणसाबद्दल त्यांची तक्रार होती. ठाण्यात जायचं तर विहार समितीने सोबत यावं, एवढंच त्या मागत होत्या. आम्ही म्हटलं, बघू, जयंती झाल्यावर बघू. का म्हटलं? कारण त्या माणसाने जयंतीला मोठी वर्गणी दिली होती. ती पावती आजही आमच्या पावतीपुस्तकात आहे. कस्तुरबा नगरच्या ठाण्याला नावं ठेवताना हे आठवलं, की आमची मान खाली जाते. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्याविरुद्धची तक्रार बाजूला ठेवायची, ही सवय फक्त खाकीला लागते असं नाही.

म्हणून या वर्षी आम्ही ठरवलं, की जिथे पोलीस आणि लोक यांनी मिळून काही चांगलं केलं, ते कसं केलं याचा थोडा अभ्यास करायचा. त्यात सगळ्यात मोठा धडा मिळाला तो भिवंडीचा.

भिवंडी म्हणजे ठाणे जिल्ह्यातलं यंत्रमागाचं शहर. १९७० आणि १९८४ साली तिथे हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या, माणसं कापली गेली. १९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण त्यात बसायचे कोण? पुढारी, श्रीमंत व्यापारी, आणि ज्यांचे ठाण्यात उठणे-बसणे आहे असे मधले लोक. तणाव झाला की बैठक, चहा, फोटो, आणि संपलं. खोपड्यांनी ते बदललं. शहरात सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्याच मोहल्ल्यात राहणारी साधी माणसं घेतली, हिंदू आणि मुसलमान दोन्ही. पोलिसांकडून फक्त साहेब नाही, तर त्या भागात रोज फिरणारा शिपाई आणि हवालदार यांनाही त्या समितीशी जोडलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तणाव नसतानाही नियमाने बसायचं. नळाचं भांडण, पोरांची छेडछाड, भाड्याचा वाद, कोणी कोणाच्या दारात कचरा टाकला, असल्या बारीकसारीक गोष्टी तिथे निघायच्या. त्यातून शिपायाला माणसांची नावं कळली, आणि माणसांना शिपायाचं नाव कळलं.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पडली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली, सरकारी आकड्यानेच सुमारे ९०० माणसं मेली. आणि ज्या भिवंडीच्या नावाने लोक कापत होते, ती भिवंडी शांत राहिली. अफवा तिथेही आल्या असतील, पण अफवा आली की विचारायला ओळखीचा माणूस होता. मुंबईने त्यातून धडा घेतला. १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथेही मोहल्ला समित्यांचं काम सुरू झालं.

पण भिवंडीची गोष्ट इथे संपवली तर ती अर्धीच होईल. २००६ च्या जुलैमध्ये त्याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला, पोलीस गोळीबारात दोघे गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना मारलं. म्हणजे समिती एकदा नेमली की ती कायमची काम करते, असं नाही. अधिकारी बदलतो, सदस्य म्हातारे होतात, बैठका कमी होतात. विहारात रोज झाडू मारावा लागतो, तसंच हे आहे.

सरकारने लोकांना सोबत घेण्याचे आणखीही प्रयत्न केले. १५ ऑगस्ट २००७ पासून खेड्यांसाठी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समिती, गावातच भांडण मिटवायचं, गाव तंटामुक्त झालं की शासनाचं बक्षीस. बांधाचे, भावकीचे कितीतरी वाद त्यातून मिटले, हे चांगलंच झालं. पण गावाकडे आपले नातेवाईक आहेत त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. जातीवरून अत्याचार झाला तर तो तंटा नाही, तो गुन्हा आहे. ॲट्रॉसिटीचा गुन्हा आपसात मिटवायची कायद्यात सोय नाही. गावाचं बक्षीस जाईल म्हणून कोणी दबाव आणत असेल, तर त्याला तसं तोंडावर सांगा. लोकसहभाग म्हटलं की तो नेहमी आपल्या बाजूचाच असतो असं समजू नका. गावातले लोक म्हणजे कोणते लोक, हे आधी पाहायचं.

जगात काय चाललं आहे तेही थोडं पाहू, कारण त्याचा आपल्या चळवळीशी जुना धागा आहे. आपल्याला दलित पँथर माहीत आहे, १९७२ साली मुंबईत सुरू झाली. तिचं नाव आलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. ही ब्लॅक पँथर १९६६ साली ओकलंड शहरात सुरू झाली ती कशाने? पोलीस काळ्या माणसांना रस्त्यात अडवून मारहाण करत, म्हणून ही तरुण मुलं पोलिसांच्या गाडीमागे जायची आणि थोड्या अंतरावर उभं राहून पाहायची, हातात कायद्याचं पुस्तक घेऊन. त्यांच्या हातात बंदुकाही होत्या, आणि तो रस्ता आपला नाही. पण पुस्तक लक्षात ठेवा. पुढे ५० वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, त्याच ओकलंड शहरात लोकांनी मतदान करून नागरिकांचा पोलीस आयोग स्थापन केला. फेब्रुवारी २०२० मध्ये या आयोगाने आणि महापौरांनी मिळून शहराच्या पोलीस प्रमुखाला पदावरून काढलं. तिथे शहराचा पोलीस शहराच्या सरकारच्या हाताखाली असतो. आपल्याकडे तसं नाही. नागपूरचे पोलीस राज्याच्या गृह खात्याचे आहेत, आपला नगरसेवक गटार साफ करून घेऊ शकतो, ठाणेदाराला आदेश देऊ शकत नाही. मग आपल्या हातात काय आहे?

आहे, आणि पुष्कळ आहे. कायद्याने आपल्यासाठी ज्या खुर्च्या ठेवल्या आहेत त्या मोजून सांगतो.

पहिली खुर्ची. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यातल्या १७ व्या नियमाने प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व नियंत्रण समिती नेमायची आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधिकारी सदस्य, आणि अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत अशासकीय सदस्य, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखे. तीन महिन्यांतून निदान एकदा बैठक झालीच पाहिजे. कोणत्या गुन्ह्याचा तपास अडला, कोणाला मदत मिळाली नाही, कोणत्या अधिकाऱ्याने टाळाटाळ केली, हे तिथे विचारायचं असतं. राज्याच्या पातळीवर अशीच समिती खुद्द मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली आहे.

दुसरी. २२ सप्टेंबर २००६ ला, खैरलांजीच्या बरोब्बर एक आठवडा आधी, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणेचे सात आदेश दिले. प्रकाश सिंह हे स्वतः निवृत्त पोलीस अधिकारी, आणि त्यांची याचिका १९९६ पासूनची. त्या आदेशांत एक होता पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग पातळीवर अशा प्राधिकरणांची तरतूद केली. कोठडीत मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक, पैसे उकळणं, अशा तक्रारी तिथे जातात. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष, आणि सदस्यांत समाजातला एक प्रतिष्ठित नागरिकही असतो. त्या रात्री आपल्या पोराचे तळपाय सुजले होते तेव्हा आम्हाला हे माहीत असतं, तर सकाळी आधी मेडिकलला नेऊन तपासणीचा कागद घेतला असता. आम्ही हळद लावली.

तिसरी खुर्ची तर गंमतीची आहे. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, येण्याजाण्याच्या दारावर कॅमेरे हवेत. त्यावर देखरेख ठेवायला जिल्हा समिती, आणि त्या समितीत महापौर. म्हणजे ठाण्याच्या आत पाहायचा अधिकार शहराच्या प्रथम नागरिकाला दिला. आणि आपल्या नागपूर महापालिकेत मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासकाचा कारभार होता. न्यायालयाने खुर्ची दिली, बसायला महापौर नव्हता.

शिवाय शांतता समिती आहे, महिला दक्षता समिती आहे. जानेवारी २०१७ पासून नागपूर शहर पोलिसांचा भरोसा सेल आहे. तिथे घरात छळ होणाऱ्या बाईला पोलीस, समुपदेशक आणि कायद्याची मदत एकाच छताखाली मिळावी, अशी कल्पना आहे. महिला मंडळाने एकदा सगळ्या भगिनींना तिथे घेऊन जावं. गरज पडायच्या आधी जाऊन पाहिलेली जागा गरज पडल्यावर परकी वाटत नाही.

आता समितीने काय ठरवलं ते सांगतो. हे ठराव आहेत, आणि पुढच्या वर्धापनदिनाला तुम्ही आम्हाला याच मंचावर जाब विचारायचा आहे.

विहाराच्या लेटरहेडवरून जुनं नाव काढून नवी दोन नावं दिली जातील. त्यातलं एक बाईचं. दर दोन वर्षांनी नावं बदलतील, आणि बैठकीला गेलेल्या माणसाने त्याच रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटांत तिथे काय झालं ते सगळ्यांना सांगायचं. जो सांगणार नाही त्याचं नाव मागे. ठाण्याचा माणूस कोणी व्हायचं नाही, आणि ठाण्याला शिव्या देऊन मोकळंही व्हायचं नाही.

विहारात एक जाड वही ठेवली आहे. कोणी तक्रार द्यायला गेलं तर तारीख, वेळ, ठाण्यात कोण भेटलं, काय म्हणाले आणि पुढे काय झालं, हे तिथे लिहायचं. वही महिला मंडळाच्या कपाटात राहील, किल्ली त्यांच्याकडे. नाव फुटू द्यायचं नाही हा पहिला नियम. जिल्हा समितीची बैठक झाली का, तिचं इतिवृत्त काय, हे माहितीच्या अधिकाराखाली २००५ च्या कायद्याने विचारता येतं. तो अर्ज दर तीन महिन्यांनी आम्ही टाकणार.

तरुणांसाठी चार वाक्यं भिंतीवर लिहून लावली आहेत. अटक झाली तर नातेवाईकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि खबर देणाऱ्याला तिची प्रत फुकट मिळते. ठाण्याने खबर घेतली नाही तर ती लेखी वरिष्ठांकडे पाठवता येते. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले तरी हे हक्क कायम आहेत. हे पाठ करा. ओकलंडच्या पोरांच्या हातातलं पुस्तक म्हणजे हेच.

आणि शेवटचा ठराव. ज्याच्याविरुद्ध वस्तीतल्या बायांची तक्रार आहे, त्याची वर्गणी घेतली जाणार नाही. जयंतीला एक झालर कमी लागेल. चालेल.

जाता जाता एक गोष्ट. दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. त्यात एका राजाच्या राज्यात लूटमार माजलेली असते. राजाचा पुरोहित त्याला सांगतो, की नुसतं मारून, बांधून, हद्दपार करून ही चोरी थांबणार नाही, जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी-बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरीतल्या माणसाला वेतन दे. लोक कामाला लागले की दारं उघडी ठेवून झोपतील. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी दंड्यापलीकडचा विचार सांगितला. त्यातलं वेतनाचं वाक्य पोलिसांनाही लागू आहे. आपल्या वस्तीतली कितीतरी मुलं-मुली आज शिपाई म्हणून नोकरी करतात. सणावाराला घरी नसतात, बंदोबस्तात उभी असतात. दीक्षाभूमीवर विजयादशमीला लाखो लोक येतात तेव्हा एका बाजूला खाकीतला पोरगा उभा असतो आणि दुसऱ्या बाजूला समता सैनिक दलाचा पोरगा. दोघं मिळून म्हाताऱ्या आजीला हात धरून स्तूपाच्या दाराशी पोचवतात. ते दृश्य आपण दरवर्षी पाहतो. उरलेले ३६४ दिवस ते का दिसू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

ज्येष्ठ उपासकांनी विचारलं होतं, विहारात पोलिसाचं नाव कायले काढता. त्यांनाच आम्ही विनंती केली, की पहिल्या बैठकीला तुम्ही चला. ते हो म्हणाले आहेत. म्हणाले, "मी येतो, पण मले खुर्चीवर बसवा. आमच्या बापाले ठाण्यात कधी बसू नाही देल्लं." पुढच्या महिन्यात आम्ही त्यांना घेऊन जाणार आहोत.



नमो बुद्धाय! जय भीम!